आभाळ विसरतं, जमीन लक्षात ठेवते

मृगाचा पाऊस वेळेवर पडला आणि त्यामागून पंधरा-वीस दिवसांची उघडीप आली, की सोलापूर जिल्ह्यात एकाच गावच्या शिवारात दोन वेगळे निकाल लागतात. ओढ्याकाठच्या खोल काळ्या रानात तुरीची रोपं दुपारी माना टाकतात आणि सकाळी पुन्हा ताठ उभी असतात. वरच्या माळावर, वीतभर उकरलं की मुरूम लागतो अशा रानात, तीच रोपं एका सकाळी उठतच नाहीत. पाऊस दोन्हीकडे तेवढाच पडलेला असतो. बियाणं बहुधा एकाच दुकानातलं असतं आणि पेरणीत एखाद्या दिवसाचंच मागेपुढे झालेलं असतं. तरी एका घरात खुरपणीचं बोलणं सुरू होतं आणि दुसऱ्या घरात दुबार पेरणीला पैसे कुठून आणायचे याचं.

कृषी खातं दर वर्षी सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला रास्त आहे, आणि त्यात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. निम्म्या पावसावर निम्मं पीक येत नाही. एका मर्यादेच्या अलीकडे काहीच हाती लागत नाही, पलीकडे बरंच काही लागतं, आणि ती मर्यादा प्रत्येक रानाची वेगळी असते. कारण जेवढं, परिणाम तेवढा, हा हिशेब जिथे मोडतो त्या वर्तनाला शास्त्रात अरेषीय म्हणतात. माती, झाड आणि हवा यांच्यातल्या पाण्याच्या व्यवहारात कुठेही पाहा, हिशेब असाच मोडलेला दिसतो. म्हणूनच आपलं हवामान पुरतं सांगता येत नाही. आणि जे थोडंफार सांगता येतं त्याचा मोठा आधार जमिनीत आहे, या गोष्टीकडे आपण फार कमी पाहिलं, असं मला वाटतं.

काळ्या मातीपासूनच सुरुवात करू. दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन ती तयार झाली. तिच्यातले स्मेक्टाइट गटाचे कण पाण्यानं फुगतात, वाळले की आकसतात. उन्हाळ्यात तिला मनगट आत जाईल एवढ्या रुंद आणि कधी कधी मीटरभर खोल भेगा पडतात. वळवाची पहिली जोरदार सर या भेगांतून सरळ तळाला उतरते. वरचं ढेकूळ अजून कोरडं असतं आणि खालचा थर भिजलेला असतो. मग माती फुगू लागते, भेगा मिटतात, आणि ज्या जमिनीनं थोड्या वेळापूर्वी सरीवर सर गिळली तीच आता तासाला काही मिलिमीटरच पाणी आत घेते. बाकीचं ओढ्याला लागतं. या जमिनीत पाणी किती वेगानं मुरेल, हे ती आत्ता किती भिजली आहे यावर ठरतं, आणि ती ओली होत चालली होती की वाळत चालली होती यावरही ठरतं. मागचा इतिहास विचारल्याशिवाय तिचं पुढचं सांगता येत नाही.

१९३१ साली लोरेन्झो रिचर्ड्स या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं अर्धवट ओल्या मातीतल्या पाण्याचं समीकरण मांडलं. मातीचा अभ्यास करणारे आजही तेच वापरतात आणि आजही त्याच्याशी झगडतात. अडचण अशी की पाणी भरलेल्या छिद्रांतूनच वाहतं, आणि माती वाळू लागली की सगळ्यांत मोठी छिद्रं सगळ्यांत आधी रिकामी होतात. त्यामुळे ओल थोडी घटली तरी पाण्याची वाट काही पटींनी नाही, हजारो पटींनी अवघड होते. सपाटीवरचा दोन बोटांचा थर एकदा पुरता वाळला की खालची ओल वर यायची जवळपास थांबते. शेतकऱ्याला हे समीकरण माहीत असायचं कारण नाही, पण त्याचा फायदा तो पिढ्यान्‌पिढ्या घेत आला आहे. रब्बी ज्वारीला तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात पासेचं, आठव्यात दातेरी. शेवटच्या कोळपणीनं भेगा बुजतात, वर भुसभुशीत कोरडी माती पसरते आणि खालचं पाणी खाली राहतं. एक कोळपणी, अर्धं पाणी असं म्हणतात, त्यामागचं भौतिकशास्त्र हे आहे.

*

जॉन फिलिप या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानं १९६६ साली माती, झाड आणि हवा हा एकच सलग प्रवाहमार्ग मानावा असं सुचवलं. त्याआधी मातीवाले मातीचं पाहत होते, वनस्पतीवाले झाडाचं आणि हवामानवाले आभाळाचं. एकाच पाण्याचे तीन तुकडे झाले होते.

या मार्गावरची ओढ आकड्यांत पाहिली की थक्क व्हायला होतं. चांगल्या ओल्या जमिनीत पाणी मातीला धरून असतं ते मेगापास्कलच्या काही शतांश जोरानं. झाडं कायमची कोमेजतात ती साधारण दीड मेगापास्कलला, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पंधरापटीला. आणि पन्नास टक्के आर्द्रतेची साधी, दुपारची हवा पाणी ओढते ती सुमारे ९५ मेगापास्कलनं. मुळापासून पानापर्यंत सगळी मिळून जेवढी ओढ खर्च होते तिच्या कित्येक पट ओढ पानाच्या कातडीपाशी उभी असते. झाड जगतं ते तिथे दार लावता येतं म्हणून. पर्णरंध्र हे ते दार. उघडं ठेवलं तर पाणी जातं, मिटलं तर कार्बन डायऑक्साइड मिळत नाही. मुळांनी घेतलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी या दारांतून निघून जातं.

ही दारं एकेकटी वागत नाहीत. अमेरिकेतल्या युटा राज्य विद्यापीठाच्या डेव्हिड पीक आणि कीथ मॉट यांच्या गटानं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच पानावर रंध्रांचे मोठे पट्टे एकत्र उघडताना-मिटताना दिसले. हे पट्टे पानावर फिरत होते, आणि त्यांची संख्याशास्त्रीय लक्षणं शेजाऱ्याकडे पाहून स्वतःची स्थिती बदलणाऱ्या संगणकी जाळ्यांशी जुळत होती. पानाला मेंदू नाही, वरून हुकूम देणारं कोणी नाही. तरी किती उघडायचं याचा निर्णय सगळ्या पानभर मिळून होतो.

दार वेळेत मिटलं नाही तर आतल्या जलवाहिन्या तुटू लागतात. पाण्याचा धागा एवढा ताणला जातो की त्यात हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. जॉन मिलबर्न आणि जॉन्सन यांनी १९६६ साली एरंडाच्या पानाला ध्वनिग्राहक लावून या तुटण्याचे टक टक आवाज ऐकले होते. २०२३ मध्ये तेल अवीव विद्यापीठात टोमॅटो आणि तंबाखूच्या तहानलेल्या रोपांचे आवाज काही अंतरावरून टिपले गेले. माणसाच्या कानाला ते ऐकू येत नाहीत. या तुटण्यालाही मर्यादा आहे. ताण वाढत जातो तोवर फारसं बिघडत नाही, आणि मग थोड्याच वाढीत नळ्यांमागून नळ्या जातात. उरलेल्या नळ्यांवर भार वाढतो, म्हणून त्याही जातात. माळावरची तूर एका सकाळी उठत नाही ती यामुळे. आदल्या संध्याकाळपर्यंत ती शेजारच्या रानातल्या तुरीसारखीच दिसत होती.

*

आता जमिनीला लागून असलेल्या हवेकडे येऊ. ही गोष्ट पुण्याची आहे, आणि ती आपल्याकडे सांगायला हवी तेवढी सांगितली जात नाही.

१९३२ साली भारतीय हवामान खात्यानं पुण्यात शेतीहवामानाचा विभाग सुरू केला. त्याची सूत्रं एल. ए. रामदास यांच्याकडे होती. शिवाजीनगरच्या शेतकी कॉलेजच्या आवारात पिकांमध्ये, बांधावर, उघड्या जमिनीवर उपकरणं लावून नोंदी सुरू झाल्या. जगात त्या काळी हवामानशास्त्र वर पाहत होतं. इथे काही माणसं गुडघाभर उंचीच्या हवेचं तापमान मोजत होती.

पाठ्यपुस्तकाप्रमाणे निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन उष्णता बाहेर टाकून गार होते, म्हणून सगळ्यांत थंड जागा जमिनीची सपाटी असली पाहिजे. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांच्या नोंदी वेगळंच सांगत होत्या. उघड्या जमिनीवर सगळ्यांत थंड हवा सपाटीच्या वीत-दोन विती वर होती आणि खालची जमीन तिच्यापेक्षा काही अंशांनी उबदार होती. वर थंड आणि खाली गरम अशी हवा टिकायला नको. जड थंड हवा खाली यायला हवी आणि सगळं ढवळून निघायला हवं. म्हणून परदेशात कित्येकांनी ही मोजण्यातली चूक मानली. पुढे इतर देशांतल्या निरीक्षकांनाही हेच दिसलं, आणि त्या थराला रामदास थर हे नाव पडलं. नव्वदच्या दशकात बंगळुरात रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीचं आणि हवेचं उष्णताउत्सर्जन धरून त्याचं गणित मांडलं. त्यानंतर हवेतल्या सूक्ष्म कणांचा त्यात वाटा असल्याचंही पुढे आलं. जमीन गवतानं झाकलेली आहे की उघडी, नांगरलेली आहे की चोपलेली, यावरून या थराची उंची आणि तीव्रता बदलते.

रामदासांचं काम मला फार मोलाचं वाटतं. हवामान आभाळात ठरतं आणि जमीन ते निमूट सोसते, ही समजूत त्यांनी वितीभर उंचीवर मोडून काढली. जमीन स्वतः हवा घडवते. आणि तेही फक्त रात्रीपुरतं नाही.

एका हेक्टरवरचं एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. त्याची वाफ व्हायला विजेच्या सुमारे ६,८०० युनिटांइतकी ऊर्जा लागते. भरात आलेलं पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडवतं. ही सगळी ऊर्जा उन्हातून येते आणि वाफेबरोबर वर जाऊन ढग धरला की मोकळी होते. जमीन कोरडी असेल तर तेच ऊन सरळ हवा तापवतं. म्हणजे एखाद्या तालुक्यावरची दुपारची हवा किती वर चढेल, किती ओलसर असेल, ढग बांधेल की नाही, यात त्या तालुक्याच्या मातीतल्या ओलीचा हात असतो. ओल भरपूर असताना ती थोडी कमी-जास्त झाली तर फरक पडत नाही, कारण तेव्हा उन्हानं हिशेब ठरतो. ओल अगदी संपलेली असतानाही पडत नाही. मधल्या पट्ट्यात मात्र थोड्या ओलीनं सगळं हलतं. महाराष्ट्राचा पर्जन्यछायेतला प्रदेश पावसाळ्याचा मोठा काळ या मधल्या पट्ट्यात असतो.

*

अरेषीय वर्तन आणि आपलंच फळ आपल्याच मुळाशी येणं, ही दोन एकत्र आली की केऑस जन्माला येण्याची शक्यता तयार होते. त्याची ओळख करून घ्यायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. शून्य आणि एकच्या मधली एक संख्या घ्या. तिला एकातून वजा करा. त्या दोन्हींचा गुणाकार करून चारनं गुणा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ०.३ पासून सुरुवात केली तर ०.८४ येतं, मग ०.५३७६, मग ०.९९४३. आता ०.३०१ पासून सुरुवात करा. ०.८४१६, ०.५३३२, ०.९९५६. दोन्ही रांगा हातात हात घालून चालल्या आहेत. सातव्या पायरीला पहिली ०.८७ आणि दुसरी ०.७७. आठव्या पायरीला ०.४५ आणि ०.७२. दहाव्या पायरीला पहिली ०.०४ वर आहे आणि दुसरी ०.६२ वर. नियम एकच, त्यात नशिबाचा अंशही नाही, आणि सुरुवातीला फरक होता एका सहस्रांशाचा. यालाच केऑस म्हणतात. रॉबर्ट मे यांनी १९७६ साली ‘नेचर’मध्ये या समीकरणाकडे जगाचं लक्ष वेधलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कीटकांच्या पिढ्या होत्या.

हवामानात हे आधीच सापडलं होतं. एमआयटीतले एडवर्ड लोरेन्झ १९६१ मध्ये हवेचं एक छोटं गणित संगणकावर चालवत होते. मधूनच पुन्हा सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला आणि पुढचं सगळं हवामान बदललं. १९६३ साली त्यांनी या वर्तनावरचा निबंध प्रसिद्ध केला. फुलपाखराच्या पंखांनी दूरवर वादळ उठतं ही गोष्ट नंतरची, आणि ती इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्यातला मुद्दाच हरवला. लोरेन्झचा मुद्दा नेमका होता: रोजच्या हवामानाचा अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे जाऊ शकत नाही, मग यंत्रं कितीही चांगली करा.

मग चार महिन्यांच्या मान्सूनचा अंदाज एप्रिलमध्ये सांगायचा तो कशाच्या आधारावर? या प्रश्नाला उत्तर देणाऱ्यांत एक नाव उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेलं आहे. जगदीश शुक्ल एमआयटीत ज्यूल चार्नी यांच्या हाताखाली शिकले. चार्नींनी १९७५ साली सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातल्या दुष्काळाबद्दल एक मांडणी केली होती: गवत गेलं की जमीन उजळ होते, ऊन जास्त परतवते, वरची हवा गार होऊन खाली बसते, पाऊस घटतो, आणि म्हणून आणखी गवत जातं. साहेलच्या दुष्काळामागे समुद्राच्या तापमानाचा वाटा मोठा होता हे नंतर स्पष्ट झालं, पण जमीन त्या दुष्काळाला खतपाणी घालते हा चार्नींचा विचार टिकला. १९८१ साली चार्नी आणि शुक्ल यांनी मिळून सांगितलं की उष्ण कटिबंधातला ऋतू हवेच्या क्षणिक अवस्थेवर फारसा अवलंबून नाही. तो तळाशी काय आहे यावर अवलंबून आहे: समुद्राची ऊब, बर्फ, मातीतली ओल. या गोष्टी सावकाश बदलतात. हवा दोन आठवड्यांत आपली सुरुवात विसरते, समुद्र महिनोन्‌महिने विसरत नाही आणि माती काही आठवडे ते काही महिने विसरत नाही. पुढच्याच वर्षी शुक्ल आणि येल मिंट्झ यांनी संगणकात दोन जगं चालवून पाहिली, एक सगळी जमीन ओली असलेलं आणि एक सगळी जमीन कोरडी असलेलं. पाऊस, तापमान, वारे, तिन्ही बदलले.

हिमालयातल्या बर्फावरून मान्सूनचा कयास बांधणारे हवामान खात्याचे हेन्री ब्लॅनफर्ड १८८० च्या दशकात याच वाटेनं गेले होते, गणित हाताशी नसताना. तेव्हा ही कल्पना हवामान खात्याला परकी नाही.

तिच्या मर्यादाही आपण सोसल्या आहेत. १९९७ साली प्रशांत महासागरात मान्सूनला सहसा मारक ठरणारा प्रचंड एल निनो होता आणि तरी देशात पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्त झाला. २००२ साली अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के आणि पडला ८१ टक्के. त्या जुलैत देशाचा जवळपास निम्मा पाऊस गायब होता. पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी या दोन वर्षांचं कोडं हातात घेतलं आणि विषुववृत्तीय हिंदी महासागरावरच्या ढगांच्या झुल्याकडे बोट दाखवलं. प्रशांत महासागराइतकंच तेही पाहा, असं त्या सांगत राहिल्या. मान्सूनच्या सक्रिय आणि खंडाच्या काळांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं, आणि हवामानशास्त्रानं शेतकऱ्याच्या प्रश्नापासून सुरुवात करावी हा त्यांचा आग्रह होता. खंड हवेतूनच उपजतात. ऋतूची बेरीज समुद्राला आणि मातीला विचारता येते, खंड कोणत्या तारखेला पडेल हे विचारता येत नाही. शेतकऱ्याला मात्र तारीखच हवी असते. ही तफावत कोणत्याही संगणकानं पुरती भरून निघणारी नाही, आणि ती लोकांपुढे स्पष्ट मांडली पाहिजे.

*

व्हेनेझुएलात जन्मलेले जलशास्त्रज्ञ इग्नासियो रॉद्रिगेझ-इतुर्बे आणि त्यांचे सहकारी दारा एन्तेखाबी व राफाएल ब्रास यांनी १९९१ साली मातीतल्या ओलीवर दोन जोडनिबंध लिहिले. पहिल्यात त्यांनी दाखवलं की मोठ्या प्रदेशावर ओल आणि पाऊस एकमेकांना पोसत असतील तर त्या प्रदेशाला दोन आवडत्या अवस्था मिळतात, एक ओली आणि एक कोरडी. ओला असेल तर ओला राहतो, कोरडा पडला तर कोरडाच रेंगाळतो, आणि मधूनमधून एखाद्या धक्क्यानं एकीतून दुसरीत उडी मारतो. दुसऱ्या निबंधात त्यांनी पाऊस आणि ओल यांच्यात वेळेचं अंतर धरलं, तेव्हा तीच समीकरणं केऑसमध्ये गेली.

पहिल्या निबंधातला निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. दोन अवस्था असलेल्या प्रदेशाची सरासरी काढली तर ती दोघींच्या मधे येते, आणि तिथे तो प्रदेश फार कमी वेळ असतो. दर वर्षी सप्टेंबरअखेर आपण ‘सरासरीच्या अमुक टक्के’ असं वाचतो आणि निश्चिंत होतो किंवा घाबरतो. सरासरीच्या अठ्ठ्याण्णव टक्के पाऊस झालेल्या तालुक्यात जुलै कोरडा गेलेला असू शकतो, आणि ऑगस्टच्या चार दिवसांत सगळी बेरीज भरून निघालेली असू शकते. तुरीला बेरीज कळत नाही.

जमिनीचा पावसावर हात जगात कुठे जास्त चालतो याचा नकाशा २००४ साली रँडल कॉस्टर आणि सहकाऱ्यांनी बारा संगणकी प्रतिरूपं एकत्र चालवून काढला. चार ठिकाणं उठून दिसली: उत्तर अमेरिकेची मोठी मैदानं, साहेल, विषुववृत्तीय आफ्रिका आणि भारत. पण हात कोणत्या दिशेनं चालतो हे सरळ नाही. ख्रिस टेलर यांनी २०१२ साली उपग्रहांच्या नोंदींवरून दाखवलं की दुपारचा पाऊस आजूबाजूपेक्षा कोरड्या पडलेल्या तुकड्यांवर पडण्याकडे कल असतो. कोरडी जमीन हवा जोरानं वर ढकलते आणि शेजारच्या ओल्या जमिनीवरून बाष्प मिळतं. त्याच वेळी जगातली नावाजलेली प्रतिरूपं उलट सांगत होती, ओल्यावर पाऊस. २०१६ च्या मान्सूनमध्ये भारत आणि ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी लखनौ आणि बंगळुरातून विमान उडवून ओल्या-कोरड्या शेतांच्या वरची हवा मोजली, ती या गुंत्यापायीच.

मुंबईच्या आयआयटीत सुबिमल घोष यांच्या गटानं भारतापुरतं हे काम पुढे नेलं. गंगेच्या मैदानात आणि ईशान्येकडे सप्टेंबरातल्या पावसाचा पाव हिस्सा जमिनीतून आणि झाडांतूनच परत वर गेलेल्या पाण्याचा असतो, असं त्यांच्या २०१४ च्या अभ्यासात आलं. २०१९ च्या अभ्यासात उत्तरेत शेतं तुडुंब भरून पाणी दिल्यानं सप्टेंबरचा पाऊस वायव्येकडे सरकतो असं दिसलं. आणि २०२३ मध्ये नदीजोडाचा हिशेब आला: एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात नेऊन शेतांत पसरलं तर हवेतला व्यवहार बदलतो, आणि आधीच पाण्याची चणचण असलेल्या काही भागांत सप्टेंबरचा पाऊस १२ टक्क्यांपर्यंत घटू शकतो. ही प्रतिरूपांची उत्तरं आहेत आणि त्यांत सुधारणा होईल. पण ज्या योजनेत जास्तीचं पाणी आणि तुटीचं पाणी कायमचं ठरलेलं धरलं जातं, तिच्या पायाखालची जमीन यानं हलते. कालवा खोदला की पावसाचं कोष्टकही बदलतं, आणि योजना जुन्याच कोष्टकावर बेतलेली राहते. महाराष्ट्रात खोरं बदलून पाणी नेण्याच्या घोषणा दर काही वर्षांनी होतात. त्यांच्या अहवालांत हवेवरचा एक प्रकरणभर मजकूर असावा, ही मागणी अवाजवी नाही.

*

एवढं सगळं ओलीवर अवलंबून, आणि ओल मोजतो कोण? महावेध प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांहून जास्त महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांच्या नोंदी होतात. या सगळ्या हवेच्या नोंदी आहेत. २०१५ मध्ये सोडलेला नासाचा स्मॅप उपग्रह ओल पाहतो, पण वरच्या पाच सेंटिमीटरांची. ज्वारीचं मूळ मीटरभर खाली असतं. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामान संस्थेच्या आवारात एक विलक्षण यंत्र आहे. अंतराळातून येणारे वैश्विक किरण जमिनीत न्यूट्रॉन उधळतात, पाण्यातला हायड्रोजन त्यांना मंदावतो, म्हणून ओल जितकी जास्त तितके यंत्राला न्यूट्रॉन कमी मिळतात. एका खांबावरून आजूबाजूच्या शेकडो मीटरांची, काही दशांश मीटर खोलपर्यंतची ओल कळते. अशी यंत्रं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असून भागणार नाही.

याच संस्थेनं तयार केलेली सहा किलोमीटर बारकाईची भारत फोरकास्ट प्रणाली मे २०२५ मध्ये देशाच्या सेवेत आली. २०१८ पासून बारा किलोमीटर बारकाईचे एकवीस अंदाज एकदम चालवले जातात, प्रत्येकाची सुरुवात किंचित वेगळी. एकवीस एकाच दिशेला गेले तर भरवसा जास्त, विखुरले तर कमी. केऑसशी प्रामाणिक राहण्याची ही रीत आहे. पण गावात मोबाइलवर पोचतं ते ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता’. एकविसांतल्या पंधरांनी उघडीप सांगितली आहे हे वाक्य कोरडवाहू शेतकऱ्याला समजणार नाही, असं मानणाऱ्यांनी त्याचं काम पाहिलेलं नाही. तो दर मृगाला अशीच बाजी लावतो, फक्त आकड्यांशिवाय. त्याच्या हातात दोन आकडे द्यायला हवेत: पुढच्या पंधरवड्यात खंड पडण्याची शक्यता दहात किती, आणि त्याच्या रानासारख्या जमिनीत आज किती दिवसांची ओल आहे. पहिला आकडा पुण्यातल्या संगणकात तयार असतो. दुसरा मिळवायची यंत्रणाच नाही.

निदान रब्बीपासून तरी सुरुवात करता येईल. सोलापूर, मंगळवेढा, अहिल्यानगरच्या काळ्या रानातली ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते आणि त्यानंतर जवळपास पावसाशिवाय, साठलेल्या ओलीवर उभी राहते. मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ पिढ्यान्‌पिढ्या याच जमिनीवर टिकून आहे. मीटरभर खोल चांगली काळी जमीन पिकाला उपयोगी असं साधारण २०० मिलिमीटर पाणी धरते, वीतभर जमीन त्याचा लहानसा हिस्सा. या पिकापुरता हवेतला केऑस बाजूला पडतो, कारण त्याचं बहुतेक भवितव्य पेरणीच्या दिवशीच जमिनीत असतं आणि मोजता येतं. मांजरीला १९२३ पासून आणि सोलापूरला १९३० च्या दशकापासून कोरडवाहू शेतीचे प्रयोग झाले, त्यांचा रोख याच ओलीवर होता. लागणारं सामान महाग नाही. गिरमिटानं मीटरभर खोलपर्यंतची माती थराथरानं काढायची, डब्यात बंद करायची, वजन करायचं, १०५ अंशांच्या भट्टीत दिवसभर वाळवायची आणि पुन्हा वजन करायचं. प्रत्येक महसूल मंडळात हलकी, मध्यम आणि खोल अशा तीन जमिनी धरून हस्त सरताना एकदा हे झालं, तर चाड्यावर मूठ धरायच्या आधी कोणत्या रानात ज्वारी, कुठे करडई, कुठे हरभरा आणि कुठे यंदा काहीच नको, हे त्या मंडळापुरतं ठरवता येईल. ते आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत आणि पुण्यातल्या प्रतिरूपातही भरले जावेत.